विमलताई हळू वाचत होत्या

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला फोन वाजला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. पिठाच्या हातानंच उचलला. विमलताईंची सून वर्षा बोलत होती. म्हणाली, "नलूमावशी, आई गेल्या." मी विचारलं, "कुठं गेल्या?" मला खरंच वाटलं होतं की त्या मला सोडून वर्गासाठी खडू-कागद आणायला गुलमंडीवर गेल्या असतील. आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघींनी मिळून बालवाडीची सतरंजी झटकली होती. जाताना त्या म्हणाल्या होत्या, "उद्या लवकर ये, बरणीतले चिंचोके मोजायचेत." ... उद्या लवकर ये म्हणणारं माणूस उद्या नसतं, हे डोक्यात शिरायला किती वेळ लागावा? मी फोन ठेवला, तव्यावरची पोळी उलटली, ती नीट भाजली, डब्यात ठेवली, आणि मग गॅस बंद करून चपला घातल्या. ती पोळी मी का भाजली ते आजही सांगता येत नाही.

औरंगपुऱ्यात त्यांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं. चहाचं आधण ठेवलं, डोकं दुखतंय म्हणाल्या, खुर्चीत बसल्या आणि उठल्याच नाहीत. डॉक्टर येऊन गेले होते. आतल्या खोलीत त्यांना जमिनीवर निजवलं होतं. मी त्यांच्या पायाशी बसले. रडू येत नव्हतं. दहा वाजायला आले आणि बाहेरच्या फाटकाची कडी वाजली, तेव्हा मला एकदम आठवलं की वर्गातल्या मुलांच्या घरी कुणी कळवलंच नाही. बाहेर गेले तर रोजच्यासारखी चौदा मुलं, कुणी आजोबांबरोबर, कुणी आईचा हात धरून. बाहेरच्या खोलीत आमचा वर्ग आणि आतल्या खोलीत बाई तशा... मधे फक्त एक पडदा. मी पालकांना हळूच सांगत गेले. त्यांचे चेहरे पडत गेले. साडेचार वर्षांची एक मुलगी मात्र पायऱ्या चढून आत आली, दप्तर ठेवलं आणि मला म्हणाली, "बाई आज माझं नाव लिहून देते म्हणल्या होत्या." तिची आई तिला ओढायला लागली. मी म्हटलं, थांबा. फळ्यावर त्या मुलीचं नाव लिहिलं. तिनं ते बघितलं आणि म्हणाली, "हे बाईंसारखं नाही." खरं होतं ते. मग ती गेली.

विमल पिशोरकर हे नाव शहरातल्या फार लोकांना माहीत असेल असं नाही. त्या कुठल्या समितीवर नव्हत्या, त्यांना पुरस्कार मिळाला नाही. माहेर आणि सासर दोन्ही कन्नडजवळच्या पिशोरचं, तिथंच त्यांचं बालपण गेलं. वडील पटवारी. निजामाच्या राज्यात शाळा उर्दू, तेव्हा घरात मराठी बोलणारी ही मुलगी शाळेत अलिफ, बे, पे शिकली आणि भराभरा उर्दू वाचायला लागली. दहा वर्षांची होती तेव्हा पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि निजामाचं राज्य गेलं. थोड्याच दिवसांत शाळेत मराठी पुस्तकं आली. त्या सांगायच्या, "माझ्या हातात पुस्तक दिलं आणि मी ते मागच्या बाजूनं उघडलं. उर्दू तसंच उघडतात ना. सगळा वर्ग हसला." चौथीतल्या त्या मुलीला पहिलीच्या पोरांत नेऊन बसवलं. सगळ्यांत उंच, मागच्या भिंतीला टेकून. "जी भाषा मी आईशी बोलते," त्या म्हणायच्या, "तीच कागदावर आली की माझी कुणीच लागत नाही, याचा मला इतका राग यायचा की मी रात्री पुस्तकाला चिमटे काढायचे." वर्षभरात त्या वाचायला लागल्या, पण तो राग त्या विसरल्या नाहीत. मला वाटतं, लहान मुलांना वाचायला शिकवणारी जी बाई पुढं आम्ही पाहिली, ती त्या मागच्या भिंतीजवळच घडली.

माझी त्यांची ओळख झाली ती मात्र माझ्या लाजिरवाण्या वागण्यातून. आम्ही तेव्हा त्यांच्या शेजारच्याच घरात भाड्यानं राहत होतो. माझा संजय चार वर्षांचा. मी बी. ए. झालेली, तेव्हा माझा मुलगा शाळेत जायच्या आधी वाचायला लागलाच पाहिजे असं मी ठरवून टाकलं होतं. रोज संध्याकाळी पाटी घेऊन बसायचं. तो घ आणि ध यांत गोंधळायचा. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस... मग मी मारायला लागले. एका संध्याकाळी त्याच्या गालावर माझी पाचही बोटं उठली आणि तो रडायचाही थांबून नुसता माझ्या हाताकडं बघायला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी विमलताई दारात उभ्या. मी त्यांना फक्त तोंडओळखीनं जाणत होते. त्या म्हणाल्या, "आमच्या खिडकीतून सगळं ऐकू येतं. उद्यापासून माझ्या बालवाडीत या." मी म्हटलं, "पाठवते त्याला." त्या म्हणाल्या, "त्याला नको. त्याला खेळू द्या. तुम्ही या."

मी रागानंच गेले. बघू तरी, ही बाई काय शिकवते. पहिले दोन आठवडे मी कोपऱ्यात बसून होते, आणि त्या दोन आठवड्यांत त्यांनी मुलांना एकही अक्षर दाखवलं नाही. नुसतं बोलणं. सकाळी काय खाल्लं, मांजर कसं ओरडतं, 'पा'नं सुरू होणाऱ्या वस्तू खोलीत किती आहेत. पाणी, पाय, पाल, पाट. एक पोरगं म्हणालं, पप्पा. सगळी हसली, आणि ताईंनी त्याला खिडकीत उभं करून म्हणायला लावलं, "पप्पा, तुमच्यात दोनदा प आहे." त्याला अजून प लिहिता येत नव्हता, पण पप्पात तो राहतो हे त्याला कळलं होतं. फुलंब्रीहून रोज नोकरीला येणारे एक गृहस्थ आपल्या मुलीला आमच्याकडं सोडून ऑफिसला जात, दुपारी तिची आई येऊन तिला घेऊन जाई. त्यांनी महिनाभरानं तक्रार केली, "बाई, लेकरू नुसतं गप्पा मारून येतंय. शंभरपर्यंत लिहिणं कधी सुरू करता?" ताई म्हणाल्या, "तिच्या बोटांत अजून बळ यायचंय. तुम्ही घरी रोज तिच्याशी पाव तास बोलता का?" ते म्हणाले, "मी घरी पोचतो तवर ती झोपलेली असते." "मग बसमध्ये बोला. पाट्या दाखवा." पुढं तीच मुलगी बसमधून हर्सूलची पाटी वाचून वडिलांना सांगायला लागली. त्यांनी आम्हाला पेढे आणून दिले आणि शंभराचा विषय काढला नाही.

घरच्या वाचनाबद्दल त्या फार हट्टी होत्या. पालकसभेला येणाऱ्या आयांपैकी कित्येकींना स्वतःला वाचता येत नसे. काशाबाई म्हणून एक भाजीवाली होती, ती मुलीला सोडायला यायची आणि दारातच उभी राहायची. ताईंनी तिच्या हातात चित्रांचं पुस्तक दिलं. ती म्हणाली, "मला नाय येत वाचाया, बाई. कशाला थट्टा करता?" ताई म्हणाल्या, "तुला कोंबडी ओळखू येते ना? रोज रात्री पोरीला मांडीवर घे, पुस्तक धर आणि कोंबडीची गोष्ट सांग. पान उलटायला विसरू नको." काशाबाईनं ते वर्षभर केलं. मुलगी वाचायला लागली तेव्हा ती येऊन म्हणाली, "आता ती माझी चूक काढते. म्हणती, आई, इथं कोंबडीचं नाव येगळंच लिव्हलंय." शहागंजातून येणारी एक आई फक्त उर्दू वाचायची आणि त्याबद्दल ओशाळी असायची. ताईंनी तिच्याशी आपली लहानपणची दखनी उर्दू काढली. "अम्मां, तुमे उर्दू पढके सुनाव. बच्चे कू कहानी होना, अच्छर बाद में." म्हणजे मुलाला गोष्ट हवी, अक्षरं नंतर. आणि त्या बाईच्या उर्दू पुस्तकातलं अर्धं पान स्वतःच वाचून दाखवलं. ती बघतच राहिली.

दोन आठवड्यांसाठी गेलेली मी सव्वीस वर्षं त्या खोलीत राहिले. संजय मोठा झाला, नोकरीला लागला. घ आणि ध त्याला आपोआप कळले, एके दिवशी, घड्याळ आणि धनुष्य यांच्या नादात. मी त्यांना ताई म्हणायचे, त्या मला नलू. ताईंचे यजमान गेले तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्ग उघडला. मी म्हटलं, थोडं थांबा. त्या म्हणाल्या, "मुलं विसरतात गं. म्हणजे अक्षरं नाही, मला विसरतात." एवढंच बोलल्या आणि चिंचोक्यांची बरणी उघडली.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, तिच्याकडं यावं लागेल. गेली दोन वर्षं त्यांच्यात काही बदल झाले होते. मी ते रोज बघत होते आणि मला काहीही दिसलं नाही. दोन दिवाळ्यांपूर्वी एकदा त्या माहेरी जायला म्हणून बसस्थानकावर गेल्या आणि कन्नडऐवजी सिल्लोडच्या गाडीत बसल्या. फुलंब्रीला उतरून परत आल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात हसत हसत सांगितलं, "कंडक्टर म्हणाला, मावशी, पाटी वाचत जा. मला, नलू. मला म्हणाला." आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. त्यानंतर आठवड्याभरानं म्हणाल्या, "गोष्ट आजपासून तू वाचत जा. माझा आवाज बसतो." इतकी वर्षं गोष्टीचा तास त्यांचा होता. मला मनातून आनंद झाला. वाटलं, अखेर त्यांनी मला त्या लायकीचं मानलं. मग त्यांनी पॉलिश पेपरची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली, खरखरीत, आणि मुलांना डोळे मिटून त्यांवरून बोट फिरवायला शिकवलं. स्वतःही मुलांबरोबर फिरवत बसायच्या. मी कौतुकानं सगळ्यांना सांगायचे, या वयात बाई नवी पद्धत काढतात.

गेल्या उन्हाळ्यात मी आमच्या बालवाडीवर एक लेख लिहिला. अकरा पानं, हातानं लिहिलेली. आयुष्यात पहिल्यांदाच काही लिहिलं होतं. छापायला पाठवायच्या आधी ताईंनी वाचावा म्हणून त्यांना दिला. त्या एका बैठकीत पुस्तक संपवणाऱ्या, तेव्हा मला वाटलं, दोन दिवसांत सांगतील. आठवडा गेला, महिना गेला. विचारलं की म्हणायच्या, "वाचतेय." चार महिन्यांनी माझा तोल गेला. वर्ग सुटला होता, दोन पालक अजून दारात होते, त्यांच्यासमोरच मी म्हटलं, "ताई, वाचण्यासारखा नसेल तर तसं सांगा आणि परत द्या."

"वाचतेय, नलू."

"चार महिने?"

"हळू वाचतेय."

"तुम्ही? तुम्ही हळू वाचता हे मला सांगताय?"

त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं, खोटं पकडलं म्हणून. मी त्यानंतर वीसेक दिवस फक्त वर्गापुरती गेले. वर्ग सुटल्यावरचा त्यांच्याकडचा चहा बंद केला. त्यांनी दोनदा कप भरून बाहेर आणून ठेवला, मी तो तसाच सोडून आले. पुढं हळूहळू आमचं बोलणं पूर्वीसारखं झालं, पण लेखाचा विषय मी पुन्हा काढला नाही. त्यांनीही काढला नाही. त्या सोमवारी सतरंजी झटकताना आम्ही ठीक होतो, एवढंच काय ते समाधान मला होतं. तेही पुढं टिकलं नाही.

तेराव्याला जेवणं आटोपली. ताईंची मुलगी मंजिरी नांदेडला असते, ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मावशी, तुम्हाला एक सांगायचंय. आईनं शपथ घातली होती. आता काय शपथ..." आणि मग ती म्हणाली, "आईला गेली दोन वर्षं वाचता येत नव्हतं."

मला आधी वाटलं, ती डोळ्यांबद्दल बोलतेय. म्हटलं, चष्मा तर नवीन होता. ती म्हणाली, डोळे चांगले होते. त्या दिवशी बसस्थानकावर उभं असताना मेंदूत एक बारीकसा झटका येऊन गेला होता. हात, पाय, बोलणं, सगळं शाबूत. फक्त समोरची पाटी कुठल्यातरी परक्या भाषेत लिहिल्यासारखी दिसायला लागली. फुलंब्रीहून परतताना त्यांनी रस्त्याकडेची प्रत्येक पाटी वाचायचा प्रयत्न केला. शहरात उतरल्यावर त्या घरी न जाता रिक्षा करून शहागंजात गेल्या आणि एका दुकानावरच्या उर्दू पाटीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "ती तरी राहिली असेल, असं तिला वाटलं," मंजिरी म्हणाली. "तीसुद्धा गेली होती." नांदेडला मंजिरीनं त्यांना डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी सांगितलं, असं होतं क्वचित. लिहिता येईल, पण स्वतः लिहिलेलंही वाचता येणार नाही. हातानं अक्षर गिरवून पाहिलं तर कदाचित एकेक ओळखू येईल.

मी मंजिरीला विचारलं, "मला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला होता, बायका वळून बघायला लागल्या. ती म्हणाली, "तुम्हालाच सांगायचं नव्हतं तिला. म्हणायची, नलूला कळलं तर ती मला सांभाळायला लागेल. आणि आयांना कळलं, की जिला वाचता येत नाही ती आमच्या पोरांना वाचायला शिकवते, तर एक मूल येणार नाही. वर्ग बंद झाला तर मी सकाळी उठून काय करू?"

मी उठून घरी आले. दोन वर्षं. रोज तीन तास मी त्यांच्या शेजारी बसत होते. त्या फळ्यावर लिहीत, मुलं वाचत आणि त्या म्हणत, "शाबास, पुन्हा वाच." ते 'पुन्हा' कुणासाठी होतं? लग्नपत्रिका आली की माझ्या हातात देऊन म्हणत, "तू वाच, तुझा उच्चार गोड आहे." मी वाचायचे, खूश व्हायचे. लहान मुलाच्या तोंडावरून त्याला कुठलं अक्षर अडलंय ते ओळखणारी बाई म्हणून मी मिरवत होते, आणि माझ्या शेजारी एवढी मोठी वाचक अडली होती ते मला कळलं नाही. वर मी माणसांसमोर त्यांना विचारलं, तुम्ही हळू वाचता हे मला सांगताय?

चार दिवसांनी मंजिरी नांदेडला परत निघाली तेव्हा तिनं मला बोलावून घेतलं. ताईंच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट तिनं उघडलं होतं. वरच्या कप्प्यात, साडीच्या घडीत ठेवलेली माझी अकरा पानं होती. "हे तुमचंच ना? मी कितीदा म्हटलं, ही पानं मला नांदेडला पाठव, मी फोनवर वाचून दाखवते. ऐकेचना. म्हणायची, नलूनं पहिल्यांदा लिहिलंय, ते मला दुसऱ्याच्या तोंडून नको."

मी पहिलं पान हातात घेतलं आणि मला ते माझं वाटेना. निळ्या शाईतल्या माझ्या प्रत्येक अक्षरावरून पेन्सिल फिरली होती. आम्ही मुलांना अक्षर गिरवायला देतो तसं. काना, मात्रा, वेलांटी, काही सुटलेलं नव्हतं. अवघड जोडाक्षरांवर दोनदा, तीनदा. काही ठिकाणी कागद फाटायला आला होता. पेन्सिलीचं शिसं साठून पान चकाकत होतं. हाताला कळलं की तो डोळ्याला सांगणार, मग एक अक्षर, मग एक शब्द. दिवसाला किती ओळी होत असतील... दोन? तीन?

चौथ्या पानावर मी ताईंचं एक वाक्य दिलं होतं, त्या पालकसभेत नेहमी सांगायच्या ते: 'एकदा वाचायला आलं की ते माणसापासून कुणी काढून घेऊ शकत नाही.' तेही अक्षर न् अक्षर गिरवलेलं होतं. त्याच्या शेजारी समासात सुरू होऊन माझ्या ओळींवरून तिरकं गेलेलं, लिहिणाऱ्याला आपण कशावर लिहितोय ते दिसत नसल्यासारखं, पण वळण तेच, त्यांचं गोल, ठळक: 'नलू, हे खरं नाही. माझी चूक. जातं. पण परत मिळवता येतं, तसं लिही.'

त्यानंतरही त्या थांबल्या नव्हत्या. पाचवं पान अर्ध्याच्या पुढं गेलं होतं. 'फळ्याजवळ' या शब्दातलं फळ्याजव एवढं गिरवलेलं होतं. त्यापुढचा ळ नुसता माझा होता, निळा, आणि तिथून पुढं सगळंच निळं.

मंजिरीची गाडी दुपारची होती. ती आवराआवर करायला बाहेर गेली. मी ताईंच्या कॉटवर बसले. त्या ळवर बोट ठेवलं आणि तिथून पुढं मोठ्यानं वाचायला लागले, एकेक शब्द सुटा करून, घाई न करता. सहा पानांच्या वर उरलं होतं. मंजिरी निघताना दारात आली, तिनं काही विचारलं असावं. मी मान वर केली नाही.